जुना सिलिंग फॅन तापतोय? वाइंडिंग भरायला देण्याआधी हे तपासा

मार्च अर्धा सरला की बेळगावच्या वाइंडिंगच्या दुकानांत पाती काढलेल्या पंख्यांची रांग लागते. कुणी शहापूर-वडगावातल्या मागाच्या खोलीतला आणलेला असतो, कुणी खानापूरकडच्या कौलारू घरातला, कुणी निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतला. तक्रार एकच: "फॅन लई तापायलाय की हो, मामा." उत्तरही बहुतेक वेळा एकच: "वाइंडिंग गेलंय, भरून घ्या." खरं तर वाइंडिंगची, म्हणजे मोटारीतल्या तारेच्या गुंडाळीची, पाळी सगळ्यात शेवटी यायला हवी. आधी विजेचा दाब, मग रेग्युलेटर, मग कंडेन्सर, मग बेअरिंग. यातल्या पहिल्या तिन्हींसाठी पंखा खाली उतरवावाही लागत नाही.

खरंच जास्त तापतोय का?

जुना पंखा गरम लागतो म्हणजे बिघडलाच असं नाही. सिलिंग फॅनची रचना साध्या मोटारीच्या उलट असते. तांब्याची गुंडाळी असलेला स्टेटर मध्ये शाफ्टला घट्ट बसलेला असतो आणि बाहेरचं कवच, म्हणजे रोटर, त्याच्याभोवती फिरतं. आतली उष्णता हवेची फट ओलांडून कवचापर्यंत येते, मग खोलीत जाते. म्हणून अथणी-गोकाककडच्या एप्रिलमध्ये, खोलीतच ३८-३९ अंश असताना, धडधाकट पंख्याचं कवचही साठीच्या घरात जाऊ शकतं. आणि कवच साठ असेल तर आतली गुंडाळी त्याहून बरीच गरम असते, हेही लक्षात ठेवा.

पंखा पूर्ण वेगात दोन तास चालवा, बंद करा, पाती थांबू द्या, मेन पाडा आणि मग तळहात कवचावर ठेवा. सात-आठ सेकंद ठेवता आला तर काळजी नाही. एक-दोन सेकंदांत हात उचलावा लागला तर तपासणी हवीच. त्याहून पक्क्या खुणा वेगळ्या आहेत: जळक्या वार्निशचा वास, तासाभराने वेग आपोआप पडणं, गरम असताना बंद केला तर पुन्हा सुरू न होणं, खालच्या वाटीतून काळपट ग्रीस ठिबकणं. जळका वास येत असेल तर पुढचं काही वाचत बसू नका, पंखा बंद ठेवा.

वेग मोजा

तापण्याचा माग काढायला वेग हा सगळ्यात चांगला साक्षीदार आहे, आणि बहुतेक जण नेमका तोच मोजत नाहीत. ४८ इंची घरगुती पंखा पूर्ण वेगात मिनिटाला साधारण ३२० ते ३९० फेरे घेतो. एका पात्याला रंगीत चिकटपट्टी लावा, मोबाइलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घ्या आणि खऱ्या वेळेतल्या पाच सेकंदांत पट्टी किती वेळा फिरली ते मोजा. २९-३० फेरे आले तर वेग ३५० च्या आसपास आहे. २२-२३ आले तर पंखा २७० वर रेंगाळतोय, आणि तापण्याचं कारण तिथेच लपलंय.

का, ते थोडं समजून घेण्यासारखं आहे. बऱ्याच पंख्यांच्या मोटारी १४ पोलच्या, म्हणजे १४ चुंबकीय ध्रुवांच्या, असतात. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर त्यांच्यातलं चुंबकीय क्षेत्र मिनिटाला ४२८ वेळा फिरतं आणि रोटर त्याच्या मागून धावतो. क्षेत्र आणि रोटर यांच्या वेगातलं अंतर जितकं जास्त, तितका विजेचा मोठा हिस्सा वारा देण्याऐवजी रोटरमध्ये उष्णता होऊन बसतो. पंख्यासारख्या भाराचं गणित मांडलं तर रोटरमधली ही उष्णता सगळ्यात जास्त असते ती क्षेत्राच्या दोन-तृतीयांश वेगाला, म्हणजे इथे २८५ फेऱ्यांच्या जवळपास. ३७० फेऱ्यांना ती जितकी असते त्याच्या जवळजवळ दीडपट. वर वेग कमी म्हणून कवचाला लागणारी हवाही कमी. "एक नंबरवर गार राहतो, पाचवर गार राहतो, पण तीनवर तापतो" असं कुणी सांगितलं तर हसू नका, त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे.

म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीत प्रश्न एकच: पंख्याला मागे कोण ओढतंय?

हात लावण्याआधी

जुन्या गल्ल्यांतल्या घरांत अजून लाकडी पट्टीवरची वायरिंग आणि चिनीमातीचे किटकॅट फ्यूज सापडतात. अशा ठिकाणी बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं असण्याची शक्यता असते. तेव्हा बटण बंद असूनही पंख्याच्या टर्मिनलवर करंट जिवंत राहतो. मेन पाडा किंवा किटकॅट उपसून खिशात ठेवा, आणि टेस्टर दोन्ही वायरींना लावून बघा. कंडेन्सरची दोन टोकं प्लास्टिकच्या मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने एकमेकांना टेकवा, म्हणजे त्यात उरलेला चार्ज निघून जाईल. स्टूलवर स्टूल रचू नका. जुना पंखा आठ किलोपर्यंत भरू शकतो, उतरवताना खाली दुसरा माणूस हवाच.

विजेचा दाब

त्याच खोलीतल्या प्लगमध्ये मल्टीमीटर लावा, पंखा चालू ठेवा आणि दिवसातून निदान दोनदा मोजा: संध्याकाळी सात-आठच्या सुमाराला आणि पहाटे. घरगुती पुरवठा २३० व्होल्ट, दहा टक्के इकडे-तिकडे धरला तर २०७ ते २५३. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. १८० व्होल्ट आले तर जोर ६१ टक्क्यांवर येतो, पंखा मंदावतो आणि वर सांगितलेल्या तापणाऱ्या पट्ट्यात अडकतो. चिकोडी, रायबाग, अथणी भागात उसाच्या पंपांना थ्री-फेज सुटली की काही गावांत घरचे दिवे मंद होतात. पंखा नेमका त्याच वेळी तापत असेल तर पंख्याला दोष देऊ नका.

उलटा प्रकारही असतो. ट्रान्सफॉर्मरच्या अगदी जवळ राहणाऱ्यांकडे पहाटे दाब २५० च्या वर चढतो. तेव्हा स्टेटरचं लोखंड संपृक्त होतं, प्रवाह वाढतो, पंखा गुणगुणतो आणि वेग नीट असूनही तापतो. दाब क्षणात वर, क्षणात खाली होत असेल आणि शेजाऱ्यांचे दिवेही तसेच नाचत असतील, तर न्यूट्रल सैल झाल्याची शंका घ्या. फ्रिज, टीव्ही बंद करा आणि हेस्कॉम या वीज कंपनीच्या १९१२ वर कळवा. ते काम खांबावरचं आहे, आपलं नव्हे.

रेग्युलेटर आणि इन्व्हर्टर

मेन बंद करून रेग्युलेटर बाजूला काढा, पंखा थेट बटणाला जोडा आणि पुन्हा दोन तास चालवा. तापणं गेलं तर शोध संपला. जुना काळा डबा-रेग्युलेटर स्वतः तापतो, ती त्याची रीतच आहे. पण त्याच्या आतले संपर्क जळले असतील तर पाच नंबरवरही पंख्याला पुरा दाब मिळत नाही. फिरवायच्या गोल बटणाचे स्वस्त इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट मध्येच कापतात, त्यातून घरघर आणि जादा उष्णता दोन्ही येतात. त्याऐवजी कंडेन्सरवर चालणारा, टप्प्याटप्प्याने फिरणारा स्टेप रेग्युलेटर घ्या. तो लाट कापत नाही.

साधा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरही हेच करतो. लाइट गेल्यावर पंखा घुमायला लागतो, वेग बदलतो, कवच लवकर गरम होतं. लाइट असताना पंखा ठीक आणि इन्व्हर्टरवर गरम, असं असेल तर पंखा उघडू नका.

कंडेन्सर

माझ्या मते जुन्या पंख्याच्या तापण्यामागचा पहिला संशयित हाच. वरच्या वाटीत किंवा खालच्या झाकणात लहान डबीसारखा बसलेला असतो. घरगुती पंख्याला बहुतेक वेळा २.२५, २.५ किंवा ३.१५ मायक्रोफॅरडचा लागतो आणि त्यावर ४४० व्होल्ट लिहिलेलं असतं. वर्षानुवर्षांच्या उष्णतेत त्याची क्षमता हळूहळू झिजते. पंखा बंद पडत नाही, नुसता मंदावत जातो. घरच्यांना सवय होते, आणि एके दिवशी कळतं की पात्याला हाताने ढकलल्याशिवाय तो सुरूच होत नाही.

मेन बंद, चार्ज काढलेला, आणि कंडेन्सरचं निदान एक टोक सोडलेलं, अशा स्थितीत मल्टीमीटर कपॅसिटन्सच्या खुणेवर ठेवून मोजा. २.५ चा कंडेन्सर २.३७ ते २.६३ च्या दरम्यान यायला हवा. २.२ च्या खाली आला तर टाकून द्या. मीटर नसेल तर मोजण्याचा खटाटोप सोडा, सरळ नवा घाला. शंभर रुपयांच्या आत चांगला मिळतो, आणि फुगलेला, चिरलेला किंवा तेल सुटलेला असेल तर मोजायचं कारणच नाही.

आता आपल्याकडची एक खोड. वेग वाढावा म्हणून २.५ च्या जागी ३.१५ चा ठोकून द्यायचा. वेग थोडा वाढतोही, गिऱ्हाईक खूश. पण पंख्यात दोन गुंडाळ्या असतात, रनिंग आणि स्टार्टिंग, आणि या कंडेन्सरमधून जाणारा प्रवाह स्टार्टिंग वाइंडिंगमधून सतत वाहत असतो. कंडेन्सर मोठा केला की तो प्रवाह साधारण सव्वापट होतो आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्या गुंडाळीत दीडपटीहून थोडी जास्त. मंद पंख्याला आधी त्याच आकड्याचा नवा कंडेन्सर द्या. मूळ आकडा कवचावरच्या पट्टीवर किंवा जुन्या कंडेन्सरवर मिळतो. आधीच कुणी बदललेला दिसला तर त्यावर विश्वास ठेवू नका, पट्टी वाचा.

दुरुस्तीनंतर पंखा उलटा फिरून वारा छताकडे जात असेल, किंवा सरळ फिरूनही मरगळलेला आणि गरम असेल, तर रनिंग आणि स्टार्टिंगच्या वायरींची अदलाबदल झालेली असू शकते. कॉमन वायर कुठली, हे ओळखायची रीत वाइंडिंगच्या भागात आहे.

बेअरिंग

मेन बंद करून पात्याला हलका धक्का द्या. पंखा बराच वेळ, आवाज न करता, हळूहळू थांबत गेला पाहिजे. खरखर ऐकू आली, दर फेरीला एकाच जागी अडखळला किंवा चटकन थांबला, तर बेअरिंग. मग कवच दोन्ही हातांत धरून वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. खडखड जाणवली तर बेअरिंग झिजलंय किंवा त्याची बैठक सैल झालीय. बैठक सैल असेल तर रोटर स्टेटरला घासायला लागतो. तसा पंखा एक दिवसही चालवू नका.

आपल्या भागात बेअरिंग जाण्याची कारणं गावागणिक बदलतात. वडगाव, खासबागच्या माग चालणाऱ्या खोल्यांत सुताची लव पंख्यावर बसते, वाटीत गोळा होते आणि ग्रीस शोषून घेते. निपाणीच्या वखारींत तंबाखूची बारीक धूळ ग्रीसमध्ये मिसळून लगदा होतो. खानापूरच्या पावसाळी पट्ट्यात महिनोन्महिने बंद राहिलेल्या पंख्याच्या बेअरिंगला आतून गंज चढतो. स्वयंपाकघरातल्या पंख्याला फोडणीची वाफ. मागाच्या खोलीत असाल तर पंख्याची वाटी आणि कवचावरच्या फटी दर महिन्याला मऊ ब्रशने साफ करा, अर्धा आजार तिथेच थांबेल. पात्यांच्या कडेवरचा मळही पुसा, त्याने पात्यांचा ओढा वाढतो.

पंखा उतरवून पाती काढा. कवचाचे दोन अर्धे उघडण्याआधी जोडावर मार्करने किंवा छिन्नीने खूण करा, बसवताना तीच जागा मिळाली पाहिजे. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे सोडा. अडलं तर हातोडा घालू नका, कडेने सावकाश उचला. आतल्या वायरी लहान असतात आणि ओढल्या की तुटतात. बेअरिंग पुलरनेच काढा. त्याच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, बहुधा ६२०१ किंवा ६२०२. पहिलं १२ मिलिमीटरच्या शाफ्टचं, दुसरं १५ च्या. वरचं आणि खालचं वेगळं असू शकतं, म्हणून दोन्ही काढून दुकानात न्या. दोन्ही एकदमच बदला, एक नवं आणि एक जुनं असं करू नका. दोन्ही बाजूंनी पत्र्याची झाकणं असलेलं, म्हणजे झेडझेड लिहिलेलं, घरात चांगलं चालतं. लव-धुळीच्या जागी रबरी सील असलेलं घ्या. ते हाताने फिरवताना किंचित जड लागतं, त्याची भीती बाळगू नका. शाफ्टवर बसवताना दाब फक्त आतल्या कड्यावर द्या, त्या मापाचा नळीचा तुकडा ठेवून. बाहेरच्या कड्यावर ठोकलं की नवं बेअरिंगही पहिल्याच दिवशी कुरकुरतं.

शिलाई मशीनचं तेल वरून सोडण्याचा उपाय घरोघरी चालतो. बंद बेअरिंगमध्ये ते शिरत नाही, आणि शिरलंच तर आतलं ग्रीस पातळ करून वाहवून नेतं. त्यातलं थोडं गुंडाळीवरही उतरतं.

बेअरिंगची बैठकच मोठी झाली असेल तर उद्यमबागेत लेथवाले बुश घालून देतात. फाउंड्री आणि मशीन शॉपच्या या वस्तीत असं किरकोळ काम अडत नाही. जाड बिडाच्या कवचाच्या जुन्या पंख्याला हा खर्च जरूर करावा, पातळ पत्र्याच्या पंख्याला नको.

आता वाइंडिंग

इथपर्यंत सगळं ठीक निघालं आणि पंखा तरीही तापतोय, तेव्हाच गुंडाळीकडे वळा.

पंख्यातून तीन वायरी निघतात: कॉमन (दोन्ही गुंडाळ्यांची सामाईक), रनिंग, स्टार्टिंग. कंडेन्सर सोडवून तिन्ही जोड्यांचा रेझिस्टन्स मोजा. जी जोडी सर्वांत मोठा आकडा देईल ती रनिंग-स्टार्टिंगची, आणि उरलेली तिसरी वायर कॉमन. मोठा आकडा हा बाकीच्या दोघांच्या बेरजेइतका आला पाहिजे. बेरीज जुळत नसेल तर गुंडाळीत किंवा जोडांत दोष आहे. एखाद्या जोडीचा आकडा येतच नसेल तर तार तुटलीय, आणि ती अनेकदा आत नव्हे, टर्मिनलपाशीच तुटलेली असते. आधी तिथे बघा.

गुंडाळी खरोखर किती तापते, हे थर्मामीटरशिवाय काढता येतं, आणि ही युक्ती वापरणारा वायरमन क्वचितच भेटतो. तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो. सकाळी पंखा थंड असताना एका गुंडाळीचा आकडा आणि खोलीचं तापमान लिहून ठेवा. मग पंखा दोन तास चालवून मेन पाडा, कंडेन्सरचा चार्ज काढा आणि मिनिटाभरात तोच आकडा पुन्हा घ्या. गरम आकड्याला थंड आकड्याने भागा, त्याला खोलीचं तापमान अधिक २३४.५ याने गुणा, आणि उत्तरातून २३४.५ वजा करा. समजा २८ अंशांना २०० ओहम होते आणि नंतर २५० झाले. १.२५ गुणिले २६२.५ म्हणजे ३२८, त्यातून २३४.५ गेले की ९३-९४ अंश. जुन्या कापूस-कागदाच्या इन्सुलेशनची मर्यादा १०५ अंश असते, आणि हा आकडा सरासरीचा आहे, आतली एखादी जागा याहून गरम असणार. म्हणजे हा पंखा काठावर आहे. नंतरच्या इनॅमल तारांच्या पंख्याला इन्सुलेशनच्या वर्गाप्रमाणे १२० किंवा १३० अंशांपर्यंत सवलत मिळते. गुंडाळी ॲल्युमिनियमची असेल तर २३४.५ च्या जागी २२५ धरा.

पंखा उघडलेलाच असेल तर डोळ्यांनीही बरंच कळतं. सगळ्या कॉइल सारख्या तपकिरी असतील तर ते वयाचं लक्षण आहे. एकच कॉइल काळी आणि बाकीच्या स्वच्छ असतील तर तिच्या वेढ्यांत आपसात शॉर्ट झालंय. तिथे दुरुस्ती नाही, पूर्ण वाइंडिंगच. शंका असेल तर १०० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये घालून पंखा जोडा. बल्ब मंद पेटला तर ठीक, भगभगीत पेटला तर शॉर्ट.

पावसाळ्यानंतर खानापूर-जांबोटीकडच्या पंख्यांना हात लावला की झिणझिण्या येतात, ते ओलाव्यामुळे. वाइंडिंगवाल्याकडून ५०० व्होल्टच्या मेगरने गुंडाळी आणि कवच यांच्यामधलं इन्सुलेशन मोजून घ्या, साधा मल्टीमीटर इथे उपयोगाचा नाही. एक मेगाओहमच्या खाली असेल तर पंखा वापरू नका. उघडलेल्या स्टेटरजवळ १०० वॅटचा बल्ब दिवसभर पेटवून ठेवा, सुकल्यावर पुन्हा मोजा. आकडा चढला तर वार्निशचा एक हात देऊन तोच पंखा वर्षानुवर्षं चालेल. चढला नाही तर वाइंडिंग.

वाइंडिंग द्यायचंच ठरलं तर तीन गोष्टी आधी बोलून घ्या: तार तांब्याचीच, गेज (तारेची जाडी) आणि वेढे मूळचेच, आणि वार्निशमध्ये बुडवून भट्टीत सुकवणं. ब्रशने वरवर फासलेलं वार्निश वेढ्यांच्या आत जात नाही. परत आणल्यावर थंड रेझिस्टन्स मोजा. आकडा जुन्यापेक्षा बराच कमी असेल तर वेढे कमी घातलेत किंवा गेज बदललंय, आणि असा पंखा पहिल्या उन्हाळ्यातच पुन्हा तापेल.

बिडाच्या जुन्या पंख्याला वाइंडिंग शोभतं. कवच पातळ, बैठक सैल आणि गुंडाळीही जळालेली असेल, तर नवा बीएलडीसी, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या मोटारीचा पंखा, घ्या. जुना ७५-८० वॅट खातो, हा २८ ते ३५. रोज बारा तास चालला तर महिन्याला सोळा-सतरा युनिट वाचतात. मात्र कर्नाटक सरकारच्या २०२३ पासूनच्या गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेत तुमचं बिल शून्य येत असेल, तर ही बचत खिशात दिसणार नाही, नव्या पंख्याचे पैसे मात्र जातील. हिशेब आपापला करावा.

परत चढवताना

शॅकलचा, म्हणजे पंखा हुकाला टांगायच्या कडीचा, रबर चिरला असेल तर बदला. बोल्टच्या टोकाची स्प्लिट पिन जुनी परत घालू नका, नवी घालून दोन्ही पाय फाकवा. जुन्या पंख्यांना बऱ्याचदा अर्थची वायरच नसते. कवचाच्या स्क्रूला हिरवी वायर बांधून ती बोर्डापर्यंत आणा, आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर तोही बसवून घ्या. पाती ज्या क्रमाने काढली त्याच क्रमाने लावा.

मग पूर्ण वेगात दोन तास, पुन्हा पट्टीचे फेरे, पुन्हा गरम रेझिस्टन्स. खालच्या वाटीच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख, कंडेन्सरचा आकडा, बेअरिंगचे नंबर आणि थंड रेझिस्टन्स लिहून ठेवा. पुढच्या वेळी जो कुणी वाटी उघडेल, त्याला अंदाजाने बोलायची गरज पडणार नाही.